राखीव वैमानिक मिळेल, राखीव टँकर कुठून आणायचा?

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याच बेलोऱ्याला एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी करायचं ठरलंय. ३४ शिकाऊ विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक असा तिचा आराखडा आहे. आपल्याकडे यावर चर्चा झाली ती तिकिटाच्या दराची आणि पोराला पायलट करायला किती लाख लागतात याची. मला मात्र या निमित्ताने १९५२ चा एक कायदा आठवला. त्याचं नाव राखीव आणि सहायक हवाई दल अधिनियम. देशातल्या नागरी वैमानिकांकडे युद्धकाळातली राखीव ताकद म्हणून पाहणारा हा कायदा आजही कागदावर आहे.

या लेखात आपण हवाई दलाची राखीव ताकद कशी चालते ते पाहू. त्यातही लढाऊ विमानांची नाही, तर दोन कमी दिसणाऱ्या कामांची: माणसं-सामान उचलून नेणं आणि हवेत इंधन भरणं. मुद्दा आधीच सांगून टाकतो. उचलायचं काम उसन्या विमानांवर बऱ्यापैकी भागतं आणि आपण ते अनेकदा भागवलंय. हवेत इंधन भरायचं काम उसनवारीवर भागत नाही, आणि आपली अडचण नेमकी तिथे आहे.

राखीव युनिट म्हणजे नुसती यादी नव्हे

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात स्टँडबाय सर्व्हर दोन तऱ्हेचे असतात. एक बंद पडलेला, कपाटात ठेवलेला. मुख्य सर्व्हर कोसळला की तो काढायचा, सुरू करायचा, डेटा भरायचा, आणि तोवर ग्राहकांचे फोन घ्यायचे. दुसरा चालूच असतो. मुख्य सर्व्हरवर जे होईल ते तो सतत उतरवून घेतो, त्यामुळे गरज पडली की मिनिटभरात ताबा घेतो. पहिला स्वस्त, दुसरा महाग, आणि वेळ आली की पहिल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

सैन्याच्या राखीव दलाचंही तसंच असतं. निवृत्त अधिकाऱ्यांची किंवा परवानाधारक वैमानिकांची यादी म्हणजे कपाटातला सर्व्हर. राखीव युनिट मात्र चालू असतं. त्याला स्वतःचा तळ असतो, विमानं असतात, दुरुस्तीवाले असतात, आणि माणसं दर महिन्याला येऊन उडतात.

याचं चांगलं उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. मार्च नावाच्या तळावर अमेरिकी राखीव हवाई दलाचं ४५२ वं एअर मोबिलिटी विंग आहे. सी-१७ ही मालवाहू विमानं आणि केसी-१३५ हे इंधन टँकर, दोन्ही एकाच राखीव युनिटकडे. त्याचा वंश १९४३ च्या बी-१७ बॉम्बर गटापर्यंत जातो, जो दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधून जर्मनीवर उडत होता. युद्धानंतर हा क्रमांक राखीव दलात आला. ऑगस्ट १९५० मध्ये कोरियन युद्धासाठी बोलावणं आलं, तेव्हा नोकरी-धंदा करणारी ही माणसं बी-२६ घेऊन त्याच वर्षी प्रत्यक्ष लढाईत होती. पुढे बॉम्बर गेले, मालवाहू आली, टँकर आले. १९९६ मध्ये मार्चचा तळच राखीव दलाचा म्हणून जाहीर झाला.

इथला सर्वसाधारण सैनिक महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे देतो. विमानावरच्या लोकांना त्याहून बरंच जास्त उडावं लागतं, नाहीतर परवानगीच जाते. शिवाय १९५८ पासून तिथे एक चतुर सोय आहे. युनिटमधले काही तंत्रज्ञ आणि प्रशिक्षक आठवडाभर त्याच तळावर नागरी कर्मचारी म्हणून नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी तेच लोक गणवेशात येतात. म्हणजे विमानाची नाडी रोज कुणाच्या तरी हातात असते.

१९६८ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. राखीव युनिटला वेगळी विमानं द्यायचीच कशाला? नियमित युनिटचीच विमानं राखीव माणसांनीही उडवायची. विमान एक, चालवणारे दोन संच. याला तिकडे संलग्न युनिट म्हणतात, आणि सी-१४१ या मालवाहू विमानावर त्याची सुरुवात झाली. शेअर रिक्षासारखं वाटेल, पण हिशेब पक्का आहे. मोठं विमान दिवसाला कितीही तास उडू शकतं, माणूस नाही. युद्धात आधी माणसं थकतात.

आता खरा प्रश्न. हे मालवाहू आणि टँकर युनिटलाच का जमतं? कारण कौशल्य टिकतं. प्रवासी विमानाचा कॅप्टन रोज जे करतो, म्हणजे चार इंजिनांचं किंवा दोन इंजिनांचं मोठं जेट, लांबचा पल्ला, खराब हवामान, यंत्रांच्या भरवशावर उतरणं, त्यातलं बरंचसं सी-१७ किंवा केसी-१३५ वर जसंच्या तसं चालतं. अमेरिकेच्या राखीव दलात विमान कंपन्यांचे वैमानिक भरपूर असतात ते त्यामुळेच. लढाऊ वैमानिकाचं कौशल्य मात्र दोन महिने हात लावला नाही की गंजायला लागतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण आपला प्रयोग इथेच चुकीच्या फाट्यावर गेला, असं माझं मत आहे.

आपला प्रयोग: जुहू, मग मुंबईची ५२

भारतात नागरी वैमानिकांना राखीव म्हणून घ्यायची सुरुवात १९३९ ची. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंडियन एअर फोर्समध्ये लढाऊ असं जेमतेम एक स्क्वॉड्रन होतं आणि किनारा प्रचंड. मग स्वयंसेवक राखीव दल काढलं. फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेली आणि विमान कंपन्यांत उडणारी माणसं त्यात घेतली, आणि किनाऱ्यावर गस्तीसाठी छोट्या तुकड्या केल्या. मुंबईची तुकडी दुसऱ्या क्रमांकाची, जुहूच्या धावपट्टीवर. जुनी वापिटी विमानं आणि सरकारने ताब्यात घेतलेली नागरी विमानं, असा त्या तुकड्यांचा सरंजाम होता. समुद्रावर तासन्‌तास एकसुरी उडायचं, जहाजांच्या काफिल्यावर नजर ठेवायची. क्लबच्या वैमानिकाला झेपेल असंच काम होतं ते, आणि त्यांनी ते निभावलं.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्याने हे नीट बांधायचा प्रयत्न केला. कायद्यात तीन कप्पे आहेत. पहिला, नियमित हवाई दलातून बाहेर पडलेल्यांची राखीव फळी. दुसरा, हवाई संरक्षण राखीव दल. उड्डाणाशी संबंधित कौशल्यं असलेल्या नागरिकांची नोंद करायची आणि गरज पडली तर त्यांना बोलवायचं, अशी ती कल्पना. तिसरा, सहायक हवाई दल, म्हणजे नागरिकांची स्वतःची स्क्वॉड्रन्स. बोलावणं येऊन गेलेल्या माणसाला त्याच्या मालकाने परत कामावर घेतलं पाहिजे, अशीही तरतूद त्यात आहे. तीन दिवसांच्या रजेसाठी मॅनेजरला तीन मेल लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे कलम वाचून गंमत वाटली.

(सचिन तेंडुलकर २०१० मध्ये ग्रुप कॅप्टन झाला तो यातला नाही. ती मानद पदवी. हे सांगितलं नाही तर कुणीतरी विचारतंच.)

तिसऱ्या कप्प्यातून पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या शहरांत स्क्वॉड्रन्स निघाली. दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता अशी. मुंबईला ५२ क्रमांक मिळाला. हार्वर्ड या शिकाऊ विमानांवर सुरुवात झाली, पुढे व्हॅम्पायर जेटपर्यंत मजल गेली, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला ही सगळी व्यवस्था नियमित हवाई दलात विरघळली.

कारणं दोन दिसतात. बासष्टच्या आसपास हवाई दल झपाट्याने वाढवायचं होतं, त्यामुळे हाताशी असलेला प्रत्येक प्रशिक्षित माणूस आणि प्रत्येक विमान पूर्णवेळ हवं होतं. आणि दुसरं, हार्वर्डवरून व्हॅम्पायरकडे जाणं म्हणजे शिकाऊपणाकडून लढाऊपणाकडे जाणं. वकिली किंवा गिरणीतली नोकरी करून शनिवारी येणाऱ्या माणसाला जेट लढाऊ विमानावर धार टिकवायला लावणं अवघड. मुंबईसारख्या शहरात नागरी डाकोटा उडवणाऱ्या वैमानिकांची रांग होती. त्यांना घेऊन मालवाहू स्क्वॉड्रन काढलं असतं तर? ते झालं नाही. राखीव मालवाहू युनिट भारतात कधीच उभं राहिलं नाही.

तरी विमानं आली कुठून?

युनिट नव्हतं, पण गरज पडली तेव्हा विमानं आली. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख बटालियनचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरवायचे होते. हवाई दलाकडच्या डाकोटा पुरेना, म्हणून खासगी विमान कंपन्यांच्या डाकोटा आणि त्यांचे वैमानिक कामाला लावले. पुढच्या मे महिन्यात, २४ मे १९४८ ला, एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून लेहच्या वाळूत डाकोटा उतरवली, समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांवर.

हे जमलं त्यामागे तांत्रिक कारण आहे. हवाई दलाचं विमान आणि कंपनीचं विमान एकच होतं. महायुद्धातून उरलेल्या डाकोटा दोघांनी घेतल्या होत्या. सुटे भाग तेच, मेकॅनिक तेच, वैमानिकाच्या हाताची सवय तीच. आमच्या भाषेत, हार्डवेअर समान. आपल्या विदर्भाचाच दाखला द्यायचा तर जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत. रोज रात्री, ठरल्या वेळी, मालाने भरलेली विमानं उडवणारी माणसं म्हणजे तयार राखीव मालवाहू दलच की, फक्त त्यावर तशी पाटी नव्हती.

मग हार्डवेअर बदललं. एप्रिल १९६१ मध्ये हवाई दलाचं ४४ वं स्क्वॉड्रन सोव्हिएत एएन-१२ विमानांवर उभं राहिलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये या विमानांनी चंडीगडहून लडाखमधल्या चुशूलला एएमएक्स-१३ रणगाडे नेले. डाकोटात रणगाडा बसत नाही, आणि आज कुठल्याही विमान कंपनीच्या बोइंगमध्येही बसणार नाही. प्रवासी विमानाची जमीन माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर असते, दार बाजूला, पंख खाली. माल चढवायला उंच उचलणारी गाडी लागते, आणि ती पुढच्या धावपट्टीवर असेलच असं नाही. लष्करी मालवाहू विमानाचे पंख वर असतात, पोट जमिनीलगत, मागचा भाग उघडून उतरण होते, आणि ट्रक स्वतःच्या चाकांवर आत जातो. म्हणजे साठनंतर नागरी विमान हे लष्करी विमानाची जागा घेणारं राहिलं नाही. माणसं न्यायला चालेल, यंत्रं न्यायला नाही.

४४ व्या स्क्वॉड्रनने पुढेही कमालच केली. डिसेंबर १९७१ मध्ये विंग कमांडर विद्याभूषण वसिष्ठ यांच्या नेतृत्वाखाली याच मालवाहू विमानांतून बॉम्ब टाकले गेले. चांगा मांगाच्या जंगलातला पाकिस्तानचा दारूगोळा हे त्यातलं गाजलेलं लक्ष्य. वसिष्ठ यांना महावीर चक्र मिळालं. १९८५ मध्ये स्क्वॉड्रनला आयएल-७६ मिळालं. आपल्याकडचं त्याचं नाव गजराज. नागपूरच्या सोनेगाव तळावरही गजराज बरीच वर्षं मुक्कामाला होता. त्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको.

३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी सत्ता उलथवायचा प्रयत्न केला आणि अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली. ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर तेव्हा ४४ चे प्रमुख. आग्र्याहून दोन गजराज सहाव्या पॅराशूट बटालियनचे जवान घेऊन निघाले, दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर न थांबता कापून रात्री हुलहुलेच्या अंधाऱ्या बेटावर उतरले. धावपट्टीचे दिवे क्षणभरच लागले. विमानतळ कुणाच्या ताब्यात आहे याची खात्री नसताना घेतलेला हा निर्णय होता. इथे विमान कंपनीचा राखीव वैमानिक चालला असता का? विमान उडवायला कदाचित. पण त्या अंधारात तुकडीसकट उतरायचं धाडस सरावातून येतं, आणि तो सराव शनिवार-रविवारच्या युनिटलाही महिनोन्‌महिने करावा लागतो.

माणसं परत आणायची वेळ येते तेव्हा मात्र नागरी विमानंच तारतात. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सने एक लाखाहून जास्त भारतीयांना परत आणलं. २०२२ मध्ये युक्रेनमधून विद्यार्थी आणताना ९० विमानफेऱ्या झाल्या, त्यातल्या ७६ नागरी होत्या आणि १४ हवाई दलाच्या. आपल्या विदर्भातली मेडिकलची पोरंही त्यात होती. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनची बोंब झाली तेव्हा उलटं घडलं. रिकामे टँकर सी-१७ आणि गजराजमधून उडाले, कारण नागरी विमानात ते शिरतच नाहीत. भरलेले टँकर रेल्वेने आले, आणि पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसने नाशिकच्या आधी नागपूरला टँकर उतरवले. द्रवरूप ऑक्सिजन भरून उडणं धोक्याचं, म्हणून जाताना हवेतून, येताना जमिनीवरून. वेळ अर्धा वाचला आणि तोच महत्त्वाचा होता.

अमेरिकेने हीच सोय १९५१ मध्ये करारात बांधली. विमान कंपन्या आपली काही विमानं आणीबाणीसाठी नावनिशी देऊन ठेवतात, बदल्यात शांततेच्या काळात सरकारी वाहतुकीचं काम मिळतं. ती यंत्रणा १९९० मध्ये आखाती युद्धासाठी पहिल्यांदा वापरली, मग २००३ मध्ये, मग २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून लोक काढताना. आपण तेच काम दर वेळी फोनाफोनीवर करतो. जमतं आपल्याला, हे खरंय.

नळी, टोपली आणि दांडा

आता टँकर. वऱ्हाडातल्या माणसाला हवेतलं इंधन समजावायचं तर मे महिन्यातला अकोला घ्या. पारा पंचेचाळीसच्या वर. गरम हवा विरळ, त्यामुळे पंखाला उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी. तेच विमान जानेवारीत जेवढं वजन घेऊन उडेल तेवढं मे महिन्यात त्याच धावपट्टीवरून उडणार नाही. लेहला उंचीमुळे हाच त्रास बारा महिने. मग निवड करावी लागते: शस्त्रं कमी करा किंवा इंधन कमी करा. टँकर असेल तर ही निवड टळते. पूर्ण शस्त्रं आणि थोडं इंधन घेऊन उडायचं, वर गेल्यावर टाकी भरायची. लांब पल्ला हा टँकरचा दुसरा फायदा. पहिला फायदा हा, आणि तो सांगायचा राहून जातो.

पद्धती दोन आहेत. पहिलीत टँकर मागे लांब लवचीक नळी सोडतो. तिच्या टोकाला शंकूच्या आकाराची टोपली असते. मागच्या विमानाच्या नाकाजवळ एक नळकांडं असतं आणि वैमानिकाने ते टोपलीत अचूक घुसवायचं. वेग थोडासाच जास्त हवा, चालण्याच्या वेगाइतका. फार हळू गेलं तर झडप उघडत नाही, जोरात गेलं तर नळी सैल पडून तिच्यात लाट उठते आणि ती चाबकासारखी फटका मारते. ती सैल होऊ नये म्हणून टँकरमधलं रीळ आपोआप नळी गुंडाळतं. दुसऱ्या पद्धतीत टँकरच्या शेपटीखाली ताठ दांडा असतो, त्याला स्वतःचे छोटे पंख. मागचं विमान फक्त स्थिर राहतं आणि टँकरमधला माणूस दांडा चालवून त्याच्या पाठीवरच्या भोकात बसवतो. केसी-१३५ मध्ये हा माणूस पालथा झोपून खिडकीतून बघत काम करतो. दांड्यातून इंधन कितीतरी वेगाने जातं. मोठ्या विमानाला तेच परवडतं.

दोन्ही पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत. आणि इथे आपल्या घरातली एक गंमत आहे. भारताचे टँकर आयएल-७८ हे नळीवाले आहेत. सुखोई, मिराज, जग्वार, तेजस, राफेल यांना ते चालतात. पण आपलं सर्वात मोठं मालवाहू विमान सी-१७, जे आपल्याकडे ११ आहेत, ते दांड्यासाठी बनवलेलं आहे. म्हणजे आपला टँकर आपल्याच सी-१७ ला इंधन देऊ शकत नाही. चार्जर घरात आहे आणि पिन वेगळी.

उसनवारीचा प्रश्न आता स्पष्ट होईल. कुठल्याही विमान कंपनीकडे टँकर नसतो. कुवेतसारखी वेळ आली तर इंडिगोकडून, एअर इंडियाकडून विमान मागता येतं. इंधन भरणारं विमान कुणाकडून मागणार? अमेरिकेच्या त्या १९५१ च्या करारातही टँकर नाहीत, आणि दांडा चालवणाऱ्या माणसाला बाहेरच्या जगात तशी नोकरीही फारशी नाही. म्हणून त्यांनी टँकर थेट राखीव युनिटांकडे दिले. १९७५-७६ पासून केसी-१३५ नॅशनल गार्ड आणि राखीव दलाकडे जायला लागले आणि आज त्या ताफ्याचा मोठा हिस्सा त्यांच्याकडेच आहे.

सहा विमानांवर सगळा भार

आपलं टँकर स्क्वॉड्रन २००३ मध्ये आग्र्याला उभं राहिलं. क्रमांक ७८, आणि विमानंही आयएल-७८. एकूण सहा. जुलै २००४ मध्ये याच टँकरांच्या जोरावर सहा जग्वार अलास्काला सरावाला गेली, आणि २००८ मध्ये सुखोई अमेरिकेतल्या नेलिसला. ही कामगिरी मोठी होती, यात वाद नाही.

पण सहा हा आकडा फसवा असतो. ज्याने सर्व्हर सांभाळलेत त्याला हे लगेच कळेल: सहा मशीन घेतल्या म्हणजे सहा मशीन चालू असतात असं नव्हे. भारताच्या कॅगने २०१७ च्या अहवालात हिशेब मांडला. २०१० ते २०१६ या काळात या विमानांची उड्डाणयोग्यता सरासरी ४९ टक्के होती, अपेक्षा होती ७० टक्क्यांची. म्हणजे कुठल्याही दिवशी साधारण तीन. त्यातलं एक प्रशिक्षणाला गेलं की उरले दोन. दोन टँकरवर पश्चिम आणि उत्तर अशा दोन सीमा. त्यामुळे लढाऊ वैमानिकांच्या सरावालाच टँकर पुरत नाही. सराव नाही म्हणजे टोपलीत नळकांडं घालता येणारे वैमानिकही कमी. टंचाई अशी खाली झिरपते.

नवे टँकर घ्यायचा प्रयत्न दोनदा झाला. दोन्ही वेळा एअरबसचा ए-३३० पसंत पडला, दोन्ही वेळा किमतीवर गाडी अडली. २०१० मध्ये एकदा, २०१६ मध्ये पुन्हा. जुलै २०२० मध्ये पहिली राफेल फ्रान्सहून निघाली तेव्हा वाटेत इंधन फ्रेंच टँकरने दिलं. मैत्रीखातर मिळालेली मदत म्हणून ठीक, पण युद्धाची आखणी मैत्रीवर होत नाही.

२८ मार्च २०२५ ला संरक्षण मंत्रालयाने मेट्रिया या अमेरिकी खासगी कंपनीशी करार केला. एक केसी-१३५ भाड्याने, कंपनीच्या माणसांसकट. हेतू हवाई दल आणि नौदलाच्या वैमानिकांना हवेत इंधन घ्यायचं प्रशिक्षण देण्याचा. मला हा व्यवहार पटतो. सरावाचा भार भाड्याच्या विमानावर टाकला की स्वतःचे टँकर मोकळे होतात. पण त्याला राखीव ताकद म्हणू नये. विमान कंपनीचं, वैमानिक कंपनीचे, करार प्रशिक्षणाचा. गोळी सुटली की ते आपल्या सोबतीला नसेल. क्लाउडवर मशीन भाड्याने घेणं आणि स्वतःचं डेटा सेंटर असणं यात जो फरक, तोच.

बेलोऱ्याच्या पोरांचं काय?

"मंग आपल्याले याचा काय उपेग?" हा प्रश्न अकोल्यात हमखास येईल, आणि तो रास्त आहे. बेलोऱ्याची धावपट्टी १३७२ मीटरवरून १८५० मीटर झाली. कागदावर सी-१७ ला उतरायला १०६४ मीटर पुरतात. म्हणून उद्या बेलोऱ्याला सी-१७ येईल असं समजू नका. लांबी पुरली तरी थर पुरावा लागतो. एटीआरचं वजन २३ टनांच्या आसपास, सी-१७ चं भरलेलं वजन २६५ टन. धावपट्टीच्या पोटात किती जाडीचा भराव आहे यावर ते ठरतं, आणि मे महिन्याच्या उन्हात परत उडायचा प्रश्न वेगळाच. अकोल्याची शिवणीची धावपट्टी १९४३ ची. ती वाढवायची तर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा विषय येतो, आणि तो विषय किती वर्षं चाललाय हे अकोलेकरांना माहीत आहे.

खरा उपयोग माणसांचा आहे. वर्षाला १८० वैमानिक, पुढे एअरबस आणि बोइंगवर हजारो तास. संलग्न युनिटची कल्पना आपण उचलली तर यातले काही जण महिन्यातले चार दिवस हिंडनला सी-१७ वर किंवा आग्र्याला टँकरवर उडू शकतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, १९५२ चाच पुरतो. विमान कंपन्या कुरकुरतील, कारण त्यांच्याकडेच वैमानिक कमी आहेत आणि त्यांच्यातले बरेच आधी हवाई दलातूनच गेलेले आहेत. भरपाईचं कलम नीट लिहावं लागेल. हे सगळं करता येण्यासारखं आहे.

पण आग्र्याला आधी विमान लागेल. एका टँकरवर दोन संच बसवता येतात. हँगरमध्ये दुरुस्तीला उभ्या असलेल्या टँकरवर चार बसवले तरी तो उडत नाही. क्रम असा आहे: आधी नवे टँकर, शक्यतो नळी आणि दांडा दोन्ही असलेले, मग त्यांच्यासाठी नियमित वैमानिक, आणि मग बेलोऱ्याची किंवा आणखी कुठली राखीव माणसं.